इन ल्यू ऑफ

नोकरीतलं पहिलं पत्र मी हॅम्बुर्गला टाइप केलं,
अक्कलकोट रोडवरच्या शेडमध्ये.
मागे चोवीस माग, पुढे एक टाइपरायटर,
त्याचा 'ई' जरा वर उडायचा.
"इन ल्यू ऑफ युअर एस्टीम्ड ऑर्डर
वुई आर डिस्पॅचिंग टू हंड्रेड डझन टॉवेल्स."
भारदस्त वाटलं होतं.
'लक्षात घेऊन' असा काहीतरी अर्थ असणार, हा माझा अंदाज.
आमच्या शाळेत अंदाजावर बरंच निभायचं.

आठ दिवसांनी टेलेक्स आला, एका ओळीचा.
माझ्या ऑर्डरऐवजी टॉवेल? मग माझी ऑर्डर कुठंय?
इराबत्ती शेठ रागावले नाहीत. त्यांनाही कळलं नव्हतं.
डाग पडलेल्या टॉवेलची घालतात तशी
कागदाची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली,
डाग आत.

कन्ना चौकात, जिन्यावर, हत्तुरे सरांचा टायपिंग क्लास.
सर डब्यातली शेंगाचटणी बोटानं पुसून घेत होते.
"फ्रेंच आहे ते. ल्यू म्हणजे जागा.
इंग्रजांनी उसनं नेलं, परत केलं नाही.
आपण तरी कुठं करतो."
मग म्हणाले, "घरी माग आहे ना तुमच्या?
धोट्यातली कांडी संपली की काय करता?"
रिकामी काढतो, सर. भरलेली घालतो.
"झालं तर. आधीचं उठल्याशिवाय
हा शब्द बसत नाही.
पंचवीस वाक्यं लिहून आण."

रात्री आई सुपात विडीची पानं कातरत होती,
मी शेजारी वही घेऊन.
साखरेच्या जागी गूळ.
रजेच्या जागी पैसे.
आजारी नरसम्माच्या जागी तिची पोर कारखान्यात.
पावसाच्या जागी ऊन.
एवढंच एक सरांनी खोडलं, बाजूला लाल शाईत:
सोलापुरात ऊन आधीपासून बसलेलंच असतं.

दोन वर्षांनी मिलनं नायनांच्या हातात कागद दिला.
नायना मराठी बोलायचे, सही तेलुगूत करायचे,
घरात इंग्रजीचं खातं माझ्याकडे.
"इन ल्यू ऑफ नोटीस, वन मंथ्स वेजेस."
मी वाक्य दोनदा तपासलं.
बरोबर होतं.
नोटीस उठली होती, तिच्या जागी पगार बसला होता,
स्वल्पविरामसुद्धा जिथल्या तिथे.
हत्तुरे सरांनी टिकमार्क केला असता.

"अंटे?" नायनांनी विचारलं. म्हणजे?
बदुलु, मी म्हटलं. नोटिशीला बदुलु पगार.
आमच्या तेलुगूत बदुलु म्हणजे ऐवजी,
आणि बदुलु म्हणजे उसनंसुद्धा,
शेजारणीकडून वाटीभर पीठ आणतो ते.
नायनांना फ्रेंच लागलं नाही, इंग्रजी लागलं नाही.
"बदली," ते मराठीत म्हणाले.
मिसरूड फुटायच्या वयात सहा वर्षं ते बदली कामगार होते.
पहाटे गेटवर उभं राहायचं,
कुणीतरी न येण्याची वाट बघत.
कुणाला ताप आला की आमच्या घरी भात.
त्यांनी कागद माझ्याकडून घेतला, उलटा धरून पाहिला,
आणि विचारलं,
"माझ्या जागी कोण, ते लिहिलंय का कुठं?"
मी मागची बाजूही वाचली. कोरी होती.

काल ताहेर बागवाननं स्क्रीन माझ्याकडे वळवली.
"इन ल्यू ऑफ युअर मेल. मॅडम, बरोबर आहे ना?"
मी कांडीचं सांगायला गेले.
त्यानं कांडी पाहिलेली नाही,
आमचे माग आता धोट्याविना चालतात.
"एखादं वाक्यच द्या ना."
मी त्याला साखरेच्या जागी गूळ दिला.
दुसरं ड्रॉवरमध्ये आहे, मिलच्या शिक्क्यासकट.
उदाहरण म्हणून तेच जास्त चांगलं.